रुख्मीचा केसकाटा

हॅलो?… हॅलो… कोण बोलून राह्यलं?… अवं पद्मी! हा नंबर कोणाचा?… हां, तुया उद्धवरावांच्या फोनवरून लावला. बरं, बरं… नाई, झोपली नव्हती. गच्चीवर उडदाचे पापड घातलेत, कावळ्यांवर ध्यान ठेवून जिन्यात बसली हाय… हो, एकटीच. हे बाजारात गेलेत, रुख्मी मैत्रिणीकडे…

अभिनंदन? कायचं अभिनंदन?… हां, ते… हो, आले. यायची, रुख्मीच्या बापाची, बदली झाली परत आदिलाबादले. पाडव्याच्या आधीच आले. गादी, बकेट अन् स्टोव्ह घेऊन… तुले कोणी सांगितलं?… आईनं? तिनं तर तिकडे बेला गावात गल्लीभर साखर वाटली असंल…

पार्टी? ये ना, जेवून जा. पुरणपोळी करते. पण खुश हो म्हणू नको मले… काही नाई झालं… अवं म्हणलं ना, काही नाई… माया आवाज कसा असते मग? असाच असते.

पद्मे, मीच लावणार होती तुले फोन. एक विचारायचं होतं… नाई, दागिन्याचं नाई. रुख्मीचं… रुख्मीले तुयाकडे ठेवून घेशील का?… नाई, सुट्टीत नाई. शाळेले. जूनपासून. नववीले तिथंच पांढरकवड्यात घाल, तुया घरी राहील…

थांब, थांब. एकदम एवढे प्रश्न नको विचारू… नाई वं बाई! पोरा-बिराचं काही नाई. तेरा वर्षांची हाय ती, काय बोलतेस… मी नाई म्हणलं, तिनंच म्हणलं. परवा जेवता जेवता, भाकरीचा तुकडा हातात, म्हणे, आई, मी मावशीकडे शिकायले जाऊ का. असं म्हणली जसं कोणी मीठ मागते… हो. मग मी काय म्हणू? मी म्हणलं, विचारते.

बापाशी भांडण?… भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, पद्मे.

सांगते. पण मधी मधी बोलू नको. एक तर लाइन जाते तुई, वरून तू बोलते… हां. तिचा केसकाटा माहीत हाय ना तुले?… नाई? आईनं नाई सांगितलं?… हां, तू बेल्याले नव्हती आली तेव्हा, तुया बाल्याले गोवर झाला होता. तर ऐक.

त्या दिवाळीले आपल्या बाबांच्या अंगणात कापसाचा व्यापारी आला होता. गंजीत हात खुपसला, बाहेर काढला, म्हणे, गीला है. बाबा म्हणले, वाळला हाय, मी सोता वाळवला. तो म्हणे, नहीं, गीला है. तुले तर माहीत हाय बाबांचा आवाज असा चढला की कसा होते. रुख्मी तिथंच उभी, दोघांच्या तोंडाकडे पाहत. मग परत येताना बसमधी बापाले विचारे, बाबा, हात कसा सांगंल? त्याच्या हातालेच घाम आला असला तर?

झालं. बापलेक लागले मागं… हो, यायचं तर तुले माहीतच हाय. रविवार उजाडला की ओसरीवर पसारा. पोट्टी चार वर्षांची होती तेव्हा फुटक्या बांगड्यांचं ते नळकांडं करून देल्लं होतं, डोळ्याले लावून फिरवायचं… हो, तेच! तुया बाल्यानं पायाखाली फोडलं ते. तेव्हापासून यायच्या मांडीवर बसूनच शिकली ती. पकड कशी धरायची, पत्रा कसा कापायचा, बोट कसं वाचवायचं. शाळेतलं विज्ञान मागून आलं, ओसरीवरचं पह्यले.

तर केस… केस म्हणलं, केस! डोक्याचा. तिनं कुठंतरी वाचलं की माणसाचा केस ओल लागली की लांबतो अन् कोरड्यात आखडतो… खरंच वं. मी बी अशीच हसली होती. तो केस ताणून बांधायचा, खाली एक वेढा घालायचा, अन् त्या वेढ्याले काटा. हवा ओली झाली की काटा इकडे, कोरडी झाली की तिकडे. कापसाच्या खोलीत टांगून ठेवला की भरायच्या आधी कळते, हवेत ओल किती हाय… हो, बाबांसाठीच करत होती. आजोबाले कोणी खोटं पाडू नये म्हणून.

पह्यले माया केस घेतला. काटा हलेच ना. म्हणे, आई, तुया केसाले तेल मुरलं हाय. सोड्याच्या पाण्यात धुतला, उन्हात वाळवला, तरी नाई. मग यायचा घेतला, तो बोटभर!… हस, हस. आमीबी हसलो होतो तेव्हा. शेवटी तिचाच घेतला. तुले माहीत हाय ना तिची वेणी… हो, आपल्या आजीवर गेली.

अन् काय सुंदर केलं होतं, पद्मे. तेलाच्या डब्ब्याचा पत्रा कापून चौकट. आपल्या बंद पडलेल्या टाइमपीसचा काटा. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर तिच्या अक्षरात एकीकडे ‘ओलं’, एकीकडे ‘कोरडं’, मधी बारीक रेघा. अन् काटा ज्या खिळ्यावर फिरतो त्याच्यावर माई टिकली. लाल. मायाच कपाळाची काढून चिकटवली. पूर्ण पावसाळा तिनं त्याले घरभर फिरवलं. न्हाणीत ठेवलं की काटा ओल्याकडे चढे. गॅसपाशी ठेवलं की उतरे. तोंडातून भाप सोडली तरी हले. शेजारच्या विमलबाई रोज विचारायले येत, पोरी, आज गोधड्या वाळतील का… हो ना!

मग आला दसरा… हो, तोच दसरा, जिल्हे वाटले तेव्हाचा. सगळीकडे फटाके. एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले, चार झाले. यायच्या ऑफिसात बी मिठाई वाटली, अन् मिठाई खाऊन हात धुतले नाई तर यायच्या हातात हुकूम. आसिफाबाद. तात्पुरतं म्हणे. तात्पुरतं कशाले म्हणतात ते त्यायनाच माहीत.

तेव्हापासून तुले ठाऊकच हाय. उटनूरवरून ती जंगलातली बस. शनिवारी अंधार पडता पडता येत, रविवारी दुपारी परत. तिकडे ऑफिसातले तिघं एका खोलीत. डिसेंबरात मलेरिया झाला, तू आली होती ना पाह्यले… हो, किती वाळले होते. ते खोटं नाई, पद्मे. त्यायचे हाल झाले, मी नाई म्हणत नाई. घरी यायसाठी माणूस तडफडत होता.

अन् रुख्मी इकडे आठवडाभर प्रश्न साठवून ठेवे. शनिवारी बस स्टँडवर जाऊन उभी. बापानं बॅग खाली ठेवली नाई की सुरू, बाबा, काटा परत जाग्यावर येत नाई, बाबा, केस दोन घेतले तर चालतात का. जेवण थंड होऊन जाये. मी ओरडे. मले काय माहीत, तेच दिवस चांगले होते म्हणून.

शाळेत पह्यला नंबर आला. जानेवारीच्या सुरुवातीले जिल्ह्याचं प्रदर्शन होतं, त्याले निवड झाली. अन् हे आपले ऑफिसात सगळ्यायले मोबाइलवर व्हिडिओ दाखवत. चहावाल्याले बी दाखवला असंल. साहेबांनं पाह्यला… नाव घेऊन काय करतेस? साहेब. यायचे मोठे. परत यायच्या बदलीची जी दरखास्त होती ना, तिच्यावर त्यायनं लिहून देल्लं तरच पुढं जाणार होती. अन् त्यायची पोरगी बी आठवीतच. साहेब यायले म्हणले, चाला बागुंदी… अवं तेलुगू, लय छान हाय म्हणे. लय छान हाय व्यंकटेश, आमच्या पोरीले बी असं एक पाह्यजे.

नाई, मले तेव्हा कुठी माहीत. हे सगळं यायनंच मागून सांगितलं. तोंड उघडायले लावलं तेव्हा.

रविवारी निघताना म्हणले, रुख्मे, केसकाटा दे बरं, साहेबाले दाखवतो, पुढच्या शनिवारी घेऊन येतो. पोरगी इतकी खुश! कोणी साहेब पाह्यणार म्हणून. माया जुन्या सुती साडीत गुंडाळला. बाबा, मांडीवर ठेवा, वर रॅकवर ठेवू नका, काटा हलंल. ऑटोच्या मागं चार पावलं गेली सांगत सांगत.

पुढच्या शनिवारी हात हलवत आले. साहेबाच्या घरी राह्यला म्हणे. त्याच्या पुढच्या शनिवारी आलेच नाई. फोन केला की मीटिंग. मीटिंग नसली की रेंज नाई. पोरगी विचारे, केसकाटा? आणतो बेटा, आणतो… अन् प्रदर्शन आलं तोंडावर. मग तीच म्हणाली, आई, बाबांच्या मागं लागू नको, ते बिमार होते, मी दुसरा करते.

केला ना. शाळेतून आली की बसे. पण नवा केस ताण घ्यायले वेळ मागते म्हणे, बसावा लागते तो. तरी चालत होता… हो, मीबी गेली होती प्रदर्शनाले. निळी साडी नेसून. टेबलाच्या मागं खुर्ची टाकून बसली.

तपासणारे एक सर आले. पाह्यलं, अन् हसले. आधी मले वाटलं, खुश झाले. तर म्हणतात, हे तर पेपरात आलं. आसिफाबादच्या प्रदर्शनात एका मुलीनं केलं, तिकडे पह्यला नंबर देल्ला तिले. तू फोटो पाहून केलं काय?

…हो. असंच. भर लोकांत.

रुख्मी म्हणली, नाई सर, मायं हाय. ते म्हणले, सगळे असंच म्हणतात. अन् पुढच्या टेबलावर गेले. तिथं कोणीतरी ज्वालामुखी केला होता, सोडा अन् व्हिनेगर टाकून. तिथं टाळ्या वाजल्या.

पद्मे, तू विचार कर. एक जिल्हा असता तर एकच प्रदर्शन झालं असतं. दोघी पोरी एका हॉलमधी, आमनेसामने. मग कोणाची हिंमत झाली असती? आता इकडचं इकडे, तिकडचं तिकडे. कोण जाते विचारायले?

तेव्हाबी मले काही समजलं नाई. मले वाटलं, असंल बाप्पा, एकाले सुचलं ते दुसऱ्याले बी सुचते. पण रुख्मी बाहेर निघाली अन् सरळ वड्याच्या टपरीवर. तो तेलुगू पेपर मागे. जुना हाय का म्हणे, पाच-सहा दिवसांचा. वडे बांधायच्या गठ्ठ्यात निघाला… हो, तिले वाचता येते ना तेलुगू. मले फोटो दाखवला. एवढासा. एक पोरगी उभी, गळ्यात बिल्ला, अन् समोर टेबलावर आपला केसकाटा. ‘ओलं’, ‘कोरडं’वर छापील पट्ट्या चिकटवल्या होत्या, इंग्रजीत. पण टिकली तशीच होती. माई टिकली, पद्मे, त्या फोटोत.

…काय म्हणणार? पेपराची घडी केली, दप्तरात ठेवली. म्हणे, आई, ऑटो थांबला, चाल.

हाऽट! हाट हाट!… नाई, कावळा. एक पापड नेला मेल्यानं… हां, बोल… कसे विचारणार नाई? विचारलं ना. संक्रांतीले आले तेव्हा. ताटात तिळाची पोळी वाढली अन् बाजूले पेपर ठेवला. तुपाची वाटी ठेवावी तसा. खाली पाहूनच बोलले. म्हणे, दुसरा करून देतो म्हणणार होतो, वेळ नव्हता. साहेबांनं मागितला, मी देल्ला.

देल्ला! जसा पेनच देल्ला कोणाचा.

हो, बोलली ना मी. बोलायचं ते सगळं बोलली. विमलबाईनं ऐकलं असंल, ऐकू दे. तर मले म्हणतात, मी कोणासाठी केलं? तुमच्यासाठीच ना? घरी यायसाठीच ना? तिले काय, तिचे हात शाबूत हायत, ती असे दहा करंल. मले हा एकच रस्ता होता… हो. डोळ्यात पाणी होतं यायच्या. मी खोटं नाई सांगत. पाणी होतं.

अन् रुख्मी दारात. पाण्याचा तांब्या घेऊन उभी. सगळं ऐकलेलं. वाटलं, आता ओरडंल, तांब्या फेकंल. फेकला असता तर मी काही म्हणलं नसतं. तिनं तांब्या खाली ठेवला अन् विचारलं, बाबा, त्या पोरीले सांगितलं का, केस महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसावा लागते ते?

…

यायनं ताट सारलं अन् उठले. पोळी तशीच.

नाई, थांब, एवढ्यावर नाई संपलं. फेब्रुवारीत तो केसकाटा परत आला… घरी! आमच्या घरी! साहेबाच्या पोरीले तो राज्याच्या प्रदर्शनाले हैदराबादले न्यायचा होता, अन् काटा बंद. कोणीतरी केसाले तेल देल्लं होतं… हो, मशीनीले देतात तसं. अटकला म्हणून तेल… हसायसारखंच हाय. पण मले नाई आलं हसू. साहेब म्हणले, व्यंकटेश, दुरुस्त करून आण. अन् यायनं आणला. रविवारी सकाळी, त्याच साडीत गुंडाळलेला, ओसरीवर तिच्यापुढं ठेवला. अंगणात जाऊन पाठ करून उभे राह्यले. तुळशीकडे पाहत.

मी म्हणलं, फोड. रुख्मे, आपट दगडावर. तिनं नाई केलं तर मीच करीन म्हणून मी हात घातला. तिनं माया हात धरला. म्हणे, आई, राहू दे. अन् खाली बसली. तेलकट केस काढून टाकला. वेणी सोडली, मागून एक लांब केस उपटला. मी म्हणलं, माया घे, तुया नको देऊ त्यायले, एक केस बी नको देऊ. म्हणे, तुया चालत नाई ना आई… सोड्यानं धुतला, वाळवला, वेढा घातला, काटा बसवला. तोंडापाशी नेऊन हळूच भाप सोडली. हलला. मग साडीत गुंडाळून अंगणात गेली, बापाच्या हातात देल्ला. म्हणली, घ्या.

मी विचारलं, काऊन केलं तू? तर म्हणे, बंद पडलेलं पाह्यवत नाई मले.

…पद्मे, रडू नको. तू रडली तर मी कशी बोलू… पुस डोळे. उद्धवराव काय म्हणतील.

हैदराबादले नंबर आला का नाई, मले माहीत नाई. मी विचारलं नाई, यायनं सांगितलं नाई. मार्चात हुकूम आला, परत आदिलाबाद. साहेबाच्या घरून काजूकतलीचा डब्बा बी आला. कोणी हात लावला नाई. मुंग्या लागल्या, मग फेकला.

तर हे तुयं अभिनंदन.

आले बाप्पा. ज्याच्यासाठी एवढं केलं ते घर भेटलं यायले. रविवारी ओसरीवर तसंच सामान मांडून बसतात. पकड, कात्री, पत्रा. ती बाजूनं जाते, पाणी भरते, झाडते. रुख्मे, पाह्य बरं हे, म्हणतात. अभ्यास हाय बाबा, म्हणते… नाई, उद्धट नाई. एक दिवस उद्धट नाई बोलली. चहा देते, ऑफिसले जाताना डब्बा हातात देते, पाय चेपून देऊ का बी विचारते. कोणी पाहुणा आला तर म्हणंल, किती गुणाची पोरगी. पण पह्यले कशी बापाच्या अंगावर पडून बोले… ते नाई. आता एखाद्या भाडेकऱ्याशी बोलावं तशी बोलते.

मागच्या रविवारी यायनं नवीन चौकट केली. सगळी, हुबेहूब. तिच्यापेक्षा सुबक, खरं सांगू का. अन् हाक मारली, रुख्मे, एक केस देशील का? आवाज असा की मलेच कसंतरी झालं. ती थांबली. मी भाजी निवडत होती, माया हात थांबला. वाटलं, आता बसंल त्यायच्या बाजूले… तिनं ओढणी डोक्यावरून घेतली अन् आत गेली.

हे तसेच बसून राह्यले. चौकट तिथंच हाय अजून, रिकामी.

अन् ती आता कशालेच हात लावत नाई, पद्मे. माया मिक्सर बंद पडला परवा. पह्यले मी सांगायच्या आधी उघडून बसे. मी मुद्दाम तिच्यापुढं ठेवला. म्हणे, आई, दुकानात दे. शाळेत चित्र मागितलं होतं, कोरा कागद देऊन आली. मार खाल्ला, सांगितलं नाई, मले दुसऱ्या पोरीकडून कळलं. तेरा वर्षांची पोरगी, अन् हात मांडीवर ठेवून बसते, म्हातारीवाणी.

म्हणून म्हणते. तुयाकडे राह्यली तर… घर बदललं, माणसं बदलली, तर हात चालतील तिचे. मागच्या अंगणात तुयं ते शेड हाय, उजेड हाय. काही सांगू नको तिले, काही विचारू नको. नुसतं तिथं खिळे-हातोडा पडू दे. ती सोताच करंल… हो ना? मलेबी असंच वाटते.

नाई, यायले नाई विचारलं अजून. सांगीन. नाई म्हणायले तोंड कुठी हाय त्यायले… झोपायचं काय, ती खाली बी झोपते. वरण-भात खाते, कशाचं कौतुक नाई… उद्धवराव? विचार ना त्यायले. बाजूलेच हायत? मग आताच विचार. मी थांबते…

…

हो, हाय. थांबली हाय…

…

काय म्हणले?… खरं?… अवं, सांग त्यायले… नाई, उपकारच हायत, म्हणू दे मले. पद्मे, तुले नाई माहीत, माया छातीवरचं किती… हो, हो. सगळी कामं करते ती. तुले त्रास नाई होणार. बाल्याशी बी जमते तिचं, ताई ताई करते तो… हो…

काय?… नाई, आवाज कटला. परत बोल… बाल्याच्या शाळेत… हां… दर महिन्याले मॉडेल मागतात… हां… उद्धवरावायलेच रात्र रात्र बसावं लागते… हां…

तू त्यायले म्हणली, आता तुमची चिंता मिटली…

अन् ते म्हणले, रुख्मी करून देईल. बाल्याच्या नावानं…

…

हो. हाय. हाय लाइनवर… नाई, रागावली नाई… माहीत हाय मले, सहज म्हणली तू. उद्धवराव बी सहजच म्हणले… हो. घरचंच तर हाय. भावाचंच तर हाय…

पद्मे, राहू दे.

…नाई, पाठवत नाई… नाई वं, तुयं काही चुकलं नाई. कोणीबी असंच म्हणलं असतं. तू जीव लावशील तिले, मले ठाऊक हाय. बाप बी जीवच लावत होता.

शपथ नको घालू… नाई, आता तू हजार वेळा म्हणलं तरी… इथंच राहू दे तिले. आमच्यापाशी. हात मांडीवर ठेवून बसते तर बसू दे… तिले काय सांगू? सांगीन, मावशीकडे जागा नाई… तुले वाईट वाटंल, वाटू दे. तुले वाईट वाटलेलं चालते मले. तिले दुसरं काही समजायले नको.

…रडू नको. ये ना सुट्टीत, बाल्याले घेऊन ये… हो. हो, आईले फोन कर, तिले काही सांगू नको…

ऐक, खालचं फाटक वाजलं. तीच असंल. ठेवते… ठेवते म्हणलं ना, पद्मे. ती वर येऊन राह्यली.